सहाव्या दिवसाचा ताप: पीतज्वराची जिवंत लस आणि एका शरीराचा प्रतिसाद

लस टोचल्यानंतरच्या सहाव्या दिवशी सकाळी सातला फोन आला. "डॉक्टर, रात्रीपासून ताप आहे. आत्ता 101. डोकं आणि कंबर ठणकतेय. मला खरं खरं सांगा, जो आजार होऊ नये म्हणून लस घेतली, तोच मला झालाय का?"

विचारणारी 33 वर्षांची भूजलतज्ज्ञ. सहा महिन्यांच्या कामासाठी घानाला निघालेली, आणि तिथे पाऊल ठेवायचं तर पीतज्वराच्या, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या 'यलो फीवर'च्या, लसीचा दाखला लागतो. प्रकृतीची कुठलीही तक्रार नाही, कुठलंही औषध चालू नाही. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिलं आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अशा फोनला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: "काळजी करू नका, लसीची रिअ‍ॅक्शन आहे, दोन दिवसांत उतरेल." ते खोटं नाही, पण अर्धं आहे. तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं होतं: "लसीतला जिवंत, पण क्षीण केलेला विषाणू आत्ता तुमच्या रक्तात आहे. गेले काही दिवस तो वाढतोय आणि तुमचं शरीर त्याला आवरायला निघालंय. तो वाढलाच नसता तर लस फुकट गेली असती." मी तिला हेच सांगितलं, आणि तासाभरात येऊन भेटायलाही सांगितलं. 'ठीक आहे' म्हणायचं आणि 'लगेच या' असंही म्हणायचं, हे तिला विसंगत वाटलं. ते विसंगत का नाही, हे समजायला तिची आधीची भेट सांगायला हवी.

सोळा दिवसांची वाट

त्या पहिल्या भेटीत मी तिला लस न देताच परत पाठवलं होतं. नव्या नोकरीच्या अटीप्रमाणे 12 दिवसांपूर्वी तिने गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, म्हणजे एमएमआर, घेतली होती. तीही जिवंत विषाणूंची. टोचायच्या दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये निदान 28 दिवस जाऊ द्यायचे, असा नियम आहे. 12 दिवस म्हणजे नेमकं नको ते अंतर.

"पण ती गोवराची, ही पीतज्वराची. दोघींचा एकमेकींशी काय संबंध?" ती म्हणाली.

प्रश्न रास्त होता. प्रतिकारशक्तीची अचूक ओळख ठेवणारी बाजू, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आणि टी पेशी, या दोन विषाणूंना एकमेकांत मिसळत नाही. पण त्या बाजूच्या आधी शरीराची एक ढोबळ, जुनी आणि फार जलद बाजू जागी होते. तिला विषाणूचं नाव-गाव ठाऊक नसतं. पेशीत विषाणूचं जनुकद्रव्य सापडलं की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बाहेर सोडते आणि ती शेजारच्या पेशींना सावध करतात. सावध झालेली पेशी आपली दारं जणू आतून लावून घेते: विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी, त्याची प्रथिनं बनू न देणारी शेकडो जनुकं चालू करते. हा बंदोबस्त गोवरासाठी केलेला असला तरी त्या काळात आलेल्या कुठल्याही विषाणूला तो नडतो. गोवराची लस टोचल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात हा बंदोबस्त सर्वांत कडक असतो.

याचा जुना आणि बोलका पुरावा आहे. 1965 मध्ये डॉक्टरांनी मुलांमध्ये पाहिलं की गोवराची लस दिल्यावर 9 ते 15 दिवसांच्या आत देवीची लस टोचली, तर ती अनेकदा 'उठत' नाही. देवीच्या लसीची गंमत अशी की ती लागली की नाही हे डोळ्यांना दिसायचं: दंडावर फोड आला म्हणजे लागली. विषाणू वाढायला जागाच मिळाली नाही म्हणून फोड आला नाही. पीतज्वराच्या लसीत असा फोड येत नाही, त्यामुळे ती वाया गेली तर कुणाला कळतही नाही. दाखल्यावर शिक्का मात्र बसतो. मला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

दिवस मोजले. निघायला 40 दिवस होते. 16 दिवस थांबून लस, त्यानंतर दाखला लागू व्हायला 10 दिवस, तरी 14 दिवस हाताशी उरत होते. ती कुरकुरत गेली आणि बरोबर सोळाव्या दिवशी हजर झाली.

त्या दिवशी पुन्हा सगळे प्रश्न विचारले. गरोदर आहात का? अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी? स्टेरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी, एचआयव्ही? छातीत गळ्याखाली कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, थायमसच्या ग्रंथीचा काही आजार? या शेवटच्या प्रश्नाला लोक नेहमी चमकतात. थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी, टी पेशींची शाळा. या लसीचे अत्यंत गंभीर दुष्परिणाम झालेले पहिले 23 रुग्ण जेव्हा एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या चौघांना थायमसचा आजार असल्याचं दिसलं. एरवी हजारो माणसांत शोधूनही जो आजार क्वचित सापडेल, तो 23 मध्ये चौघांना. एक साधा प्रश्न न विचारल्याची किंमत किती असू शकते, हे मला त्या आकड्याने शिकवलं.

बाटलीत काय होतं

डाव्या दंडात, कातडीखाली, 0.5 मिलिलिटर. बाटलीतली पांढरी वडी पाण्यात विरघळवून लगेच वापरायची. उरलेली 6 तासांच्या पुढे ठेवायची नाही. हा विषाणू उष्णतेत मरतो, आणि मेलेला विषाणू या लसीत काही कामाचा नाही.

या विषाणूची जन्मकथा घानाशीच जोडलेली आहे, याचं तिला फार अप्रूप वाटलं. 1927 मध्ये तिथल्या असिबी नावाच्या एका रुग्णाच्या रक्तातून पीतज्वराचा विषाणू वेगळा केला गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला: आधी उंदराच्या गर्भाच्या ऊतीत, मग कोंबडीच्या, आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या ऊतीत. 89 आणि 114 या पिढ्यांच्या दरम्यान कधीतरी त्याने आपली धार गमावली. हाच 17डी वाण. 1937 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि 1951 मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हापासून 60 कोटींहून जास्त मात्रा माणसांना टोचल्या गेल्या आहेत.

मूळ असिबी आणि 17डी यांत फरक किती? जवळपास 11,000 अक्षरांच्या जनुकद्रव्यात 68 अक्षरांचा, त्यातून प्रथिनांमधल्या 32 अमिनो आम्लांचा. एवढ्या थोडक्या फरकाने यकृत पोखरणारा विषाणू माणसाच्या अंगात जेमतेम मुळं धरणारा बनला. डासाच्या आतड्यातही तो नीट रुजत नाही, त्यामुळे लस घेतलेल्याला चावलेला डास तो पुढे नेत नाही.

आता या प्रकरणाचं मर्म. सुईतून जे गेलं, ती खरी मात्रा नव्हे, ते बियाणं. एका मात्रेत किमान 1,000 आंतरराष्ट्रीय एककं विषाणू असावा लागतो, आणि इतक्या अल्प विषाणूने प्रतिकारसंस्था एरवी फारशी हलली नसती. खरी मात्रा शरीर स्वतः पिकवतं, पुढच्या आठवड्याभरात, आपल्याच पेशींमध्ये. मृत विषाणूच्या किंवा नुसत्या प्रथिनाच्या लसीत आपण किती माल टोचला याला महत्त्व असतं. इथे तो किती वाढला याला. 2016 मध्ये काँगोच्या किन्शासा शहरात साथीच्या तोंडावर लस कमी पडली, तेव्हा लाखो लोकांना नेहमीच्या मात्रेचा फक्त पाचवा भाग, 0.1 मिलिलिटर, टोचण्यात आला. पुढे रक्त तपासलेल्यांपैकी, ज्यांच्यात आधी प्रतिपिंडं नव्हती अशा जवळजवळ सगळ्यांमध्ये ती तयार झालेली आढळली. बी पाचपट कमी पेरलं, पीक मात्र पुरेसं आलं.

वहीतले पहिले दिवस

मी लसीनंतर लोकांना रोज एक ओळ लिहायला सांगते. बहुतेक जण विसरतात. हिने लिहिलं, खडकांच्या नोंदी ठेवायची सवय असावी. पहिला दिवस: 'दंड किंचित दुखतो.' दुसरा: 'काही नाही.' तिसरा: 'काही नाही.' चौथा: 'सुस्ती, भूक कमी.' पाचवा, संध्याकाळी: '100.2. घसा साफ, सर्दी नाही.'

त्या दोन 'काही नाही'च्या आत फार काही घडत होतं. टोचलेल्या जागी कातडीखाली डेन्ड्रिटिक पेशी गस्तीला असतात. विषाणू त्यांच्यात शिरतो. या पेशी त्याला केवळ गिळत नाहीत, त्याला ओळखतातही: टीएलआर7, टीएलआर8 आणि रिग-आय अशी ग्राहक-प्रथिनं (रिसेप्टर) विषाणूच्या आरएनएवर टपून बसलेली असतात. 17डी अशा अनेक ग्राहकांना एकाच वेळी जागं करतो, आणि हा वाण इतका प्रभावी का ठरला याचं निदान एक कारण ते आहे, असं मानलं जातं. जागी झालेली डेन्ड्रिटिक पेशी आपली जागा सोडते, लसिकावाहिनीतून काखेतल्या लसिकागाठीकडे (लिम्फ नोड) निघते आणि जाताना विषाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून नेते. बातमी आणि पुरावा, दोन्ही एकाच हातात.

इकडे विषाणू गाठींमध्ये वाढतो आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास थोड्या प्रमाणात रक्तात उतरतो. पाचव्या ते सातव्या दिवशी त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. खऱ्या पीतज्वरात रक्तात जितका विषाणू असतो त्याच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य, पण शून्य नक्कीच नाही. आणि जितका तो वाढतो, एका मर्यादेपर्यंत तितका पुढचा टी पेशींचा प्रतिसाद मोठा होतो. हे लस घेतलेल्यांच्या रक्तात मोजून पाहिलं गेलं आहे.

सहावा दिवस

ती आली तेव्हा ताप 100.8 होता. नाडी 92, रक्तदाब ठीक. डोळ्यांचे पांढरे भाग उजेडात नेऊन नीट पाहिले, हिरड्या पाहिल्या, बरगड्यांखाली दाबून यकृत पाहिलं. मान लवत होती. अंगावर कुठे निळसर डाग नाहीत. लघवीचा रंग विचारला.

रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी 3,400, म्हणजे कमी. प्लेटलेट्स ठीक. बिलिरुबिन, यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन सगळं मर्यादेत. पांढऱ्या पेशींचा आकडा वाचून ती घाबरली. "प्रतिकारशक्ती वाढायला हवी ना? माझी तर कमी झाली!"

प्रयोगशाळेचा कागद रक्ताच्या एका थेंबातल्या पेशी मोजतो, शरीरातल्या नाही. इंटरफेरॉनचा जोर असतो तेव्हा लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी, रक्तातून निघून गाठींमध्ये थांबतात, कारण काम तिथे असतं. 17डी नंतर पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पेशी काही दिवस खाली येणं ओळखीचं आहे. माझ्या दृष्टीने तो आकडा लस लागल्याची खूण होता. देवीचा फोड दिसावा तशी.

तापाचं आणि अंगदुखीचं मूळही बहुतांशी तिथेच. हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनचीच इंजेक्शनं देत असत. ती घेणाऱ्यांना विषाणूने नव्हे, तर त्या औषधानेच कणकण, डोकेदुखी आणि अंग मोडून येणं व्हायचं. म्हणजे जो त्रास आपण 'विषाणूचा' म्हणतो, त्यातला बराचसा आपल्या शरीराने वाजवलेल्या इशाऱ्याचा असतो. लस घेतलेल्या दहांपैकी एक ते तीन जणांना असा सौम्य त्रास होतो. ज्यांना होत नाही त्यांची लस लागली नाही असं मुळीच नाही. उलटा अर्थ काढून बरेच जण हिरमुसतात.

मग तिला तासाभरात का बोलावलं? कारण याच दिवसांत, अगदी याच लक्षणांनी, एक दुर्मीळ आणि भयंकर गोष्ट सुरू होऊ शकते. लसीचा विषाणू आवरला जात नाही आणि यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत मोकाट वाढतो. याला व्हिसरोट्रॉपिक आजार म्हणतात. 2001 मध्ये वैद्यकीय जगाने तो पहिल्यांदा नीट नोंदवला. लाखात एकापेक्षाही कमी जणांना तो होतो, साठी ओलांडलेल्यांना जास्त, पण ज्यांना होतो त्यांच्यातले जवळपास निम्मे दगावतात. ताप तोच, अंगदुखी तीच. पुढे कावीळ, रक्तस्राव, अवयव निकामी. फोनवर या दोघांतला फरक करता येत नाही. डोळे पाहावे लागतात, रक्त तपासावं लागतं.

आणि हा दुर्मीळ आजारच नेहमीचा प्रतिसाद कशावर उभा आहे हे दाखवून देतो. असा आजार झालेल्या आठ रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या तिघांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. लस घेण्याआधी ही माणसं निरोगीच समजली जात होती. इंटरफेरॉनचा ग्राहकच जन्मतः सदोष असलेली काही मुलंही वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यांना गोवराच्या किंवा पीतज्वराच्या जिवंत लसीने गंभीर आजार झाला. विषाणू तोच, क्षीण केलेलाच. पण 'क्षीण' हे विशेषण विषाणूला एकट्याला लावता येत नाही. ज्या शरीरात तो गेला त्याच्या पहिल्या पाच दिवसांच्या बळासकट ते लावावं लागतं. लस देण्याआधीचे माझे सगळे प्रश्न, ज्यांना लोक कधी कधी कंटाळतात, ते या एका गोष्टीसाठी असतात.

तिला पॅरासिटामॉल दिलं, आयबुप्रोफेन घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. सातव्या दिवशीची नोंद: '99.6. भूक लागली.' आठव्या दिवशी ताप नव्हता, यकृताचे आकडे पुन्हा ठीक.

काखेतलं अवधाण

आठव्या दिवशी ती हात वर करून म्हणाली, "डॉक्टर, इथे काहीतरी गोळी लागतेय." डाव्या काखेत, वाटाण्याहून थोडी मोठी, हलणारी, दाबल्यावर किंचित दुखणारी गाठ. आपल्याकडे याला छान शब्द आहे: अवधाण. पायाला काटा रुतला की जांघेत येतं तेच. डाव्या दंडात टोचलं, डाव्या काखेत अवधाण आलं. वाट सरळ आहे.

या प्रकरणात बोटाला प्रत्यक्ष लागलेली प्रतिकारशक्ती ती एवढीच, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. प्रत्येक टी पेशी आपल्या पृष्ठभागावर एकच एक कुलूप घेऊन जन्मते. 17डीच्या एखाद्या तुकड्याची किल्ली ज्या कुलपात बसेल अशा टी पेशी लस घ्यायच्या आधी शरीरात अगदी मोजक्या असतात. डेन्ड्रिटिक पेशी तो तुकडा मांडून गाठीत येते आणि हजारो लिम्फोसाइट तिच्यावरून घासून जातात, जुळत नाही, पुढे सरकतात. एखादीची जुळते. ती थांबते, फुगते आणि दुभंगू लागते, पुन्हा पुन्हा, काही तासांच्या अंतराने. गाठ मोठी होते ती या गर्दीने: बाहेरून येऊन थांबलेल्या पेशी आणि आत जन्मलेल्या नव्या पेशी.

तुकडा म्हणजे नेमका केवढा? एचएलए-ए2 नावाचं ऊतीचं चिन्ह ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यात विषाणूच्या एनएस4बी या प्रथिनातला अवघा 9 अमिनो आम्लांचा एक तुकडा सर्वांत ठळकपणे ओळखला जातो. सगळ्या विषाणूतून नऊ मणी. तेवढ्यावरून मारक टी पेशी, म्हणजे सीडी8 पेशी, संसर्ग झालेली पेशी हेरतात आणि आतल्या विषाणूसकट तिला संपवतात.

क्रम असा की आधी मदतनीस सीडी4 पेशी वाढतात आणि त्यांच्या मागून मारक पेशी. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, 14व्या दिवसाच्या आसपास, मारक पेशींचा जोर शिगेला पोहोचतो. तेव्हा रक्तातल्या सीडी8 पेशींपैकी काही टक्के पेशी या एका लसीच्या कामात गुंतलेल्या असतात. एरवी ज्या लाखांत शोधाव्या लागत, त्या शेकड्यांत मोजता येतात. आणि तोवर रक्तातला विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो. पुढच्या दोन आठवड्यांत यांतल्या बहुतेक पेशी मरतात. ते मरणंही प्रतिसादाचाच भाग आहे. एवढी फौज शरीर कायम पोसू शकत नाही.

त्याच गाठीत, थोड्या वेगळ्या कोपऱ्यात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचं काम चालू असतं. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं ई प्रथिन त्यांचं मुख्य लक्ष्य. आधी आयजीएम जातीची, घाईत बनवलेली प्रतिपिंडं. मग सीडी4 पेशींच्या मदतीने बी पेशी आपल्या जनुकांत बारीक बदल करत, जास्त घट्ट बसणारी तेवढी निवडत, आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांकडे वळतात. विषाणूला पेशीत शिरू न देणारी प्रतिपिंडं दहाव्या दिवशी बहुसंख्य लोकांच्या रक्तात असतात आणि महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्या. दाखला दहा दिवसांनी लागू होतो तो यामुळे. लोकांना तो सरकारी आकडा वाटतो. तो काखेतल्या गाठीच्या कामाचा वेग आहे.

मधलाच एक प्रसंग. नवव्या दिवशी तिने सहज विचारलं की उद्याच्या रक्तदान शिबिरात नाव दिलं आहे, ताप तर गेला, जाऊ का? मी निक्षून नको म्हटलं, निदान चार आठवडे तरी. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात लष्करी प्रशिक्षणार्थींनी पीतज्वराची लस घेतल्यानंतर चौथ्या दिवशी रक्तदान केलं होतं. ते रक्तघटक मिळालेल्या रुग्णांपैकी तिघांच्या रक्तात पुढे लसीच्या विषाणूला उत्तर म्हणून तयार झालेली प्रतिपिंडं सापडली. म्हणजे लस कुणी घेतली आणि ती लागली भलत्यालाच. तिच्या दंडातून गेलेला विषाणू खरोखर रक्तात फिरतो, याला याहून ढळढळीत पुरावा नाही. दहाव्या दिवशी तिच्या रक्तात तो शिल्लक असण्याची शक्यता कमी होती, पण ज्याला रक्त दिलं जातं तो माणूस आजारी असतो, आणि त्याला हे प्रश्न कुणी विचारलेले नसतात.

एकविसाव्या दिवशी मी पुन्हा काख तपासली. गाठ बोटाला लागली नाही. पांढऱ्या पेशी 6,100.

दहा वर्षांनी पुन्हा?

निघण्याच्या आदल्या दिवशी तिने फोनवर विचारलं, "डॉक्टर, माझ्या एका वरिष्ठांच्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत लिहिली आहे. मलाही पुन्हा घ्यावी लागेल?"

पूर्वी तसा नियम होता. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की एक मात्रा आयुष्यभर पुरते, आणि 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी दाखल्याची मुदतही आयुष्यभराची झाली, जुन्या दाखल्यांचीसुद्धा. यामागे जुन्या माणसांचं रक्त आहे. दुसऱ्या महायुद्धात लस घेतलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये 30 ते 35 वर्षांनीही प्रतिपिंडं सापडली, दहांपैकी आठांहून जास्त जणांत. ती प्रतिपिंडं तीस वर्षं जुनी नव्हती. एक प्रतिपिंड काही आठवड्यांतच झिजून जातं. अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या प्लाझ्मा पेशी ती रोज नव्याने बनवत होत्या, ज्या विषाणूची पुन्हा गाठही पडली नव्हती त्याच्यासाठी.

टी पेशींची आठवण कशी टिकते हे शोधायची पद्धत मला फार सुंदर वाटते. स्वयंसेवकांना लसीच्या वेळी जड हायड्रोजनचं पाणी प्यायला दिलं. त्या दिवसांत जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत तो जड हायड्रोजन जाऊन बसतो, आणि पुढे पेशी दुभंगली की ही खूण निम्मी होते. महिने, वर्षं उलटल्यावर पाहिलं तर खूण बऱ्याच पेशींत टिकून होती. याचा अर्थ या स्मृती पेशी त्या पहिल्या दोन आठवड्यांत जन्मल्या, लढल्या, वाचल्या आणि मग इतक्या शांत झाल्या की वर्षातून सरासरी एकदाही दुभंगत नव्हत्या. पण त्यांच्या डीएनएची घडी लढलेल्या पेशीसारखीच उलगडलेली होती. वरून विसावलेल्या, आतून तयार.

तिला मी एवढंच सांगितलं की तुम्हाला पुन्हा घ्यायची गरज नाही. गरोदरपणात लस घेतलेल्या स्त्रिया, एचआयव्ही असलेले लोक, मूळ पेशींचं प्रत्यारोपण झालेले, यांचा विचार वेगळा होतो. त्यांच्यात बियाणं पेरलं तरी पीक उणं येऊ शकतं किंवा टिकत नाही. तिचं पीक आलेलं आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

"आणि चुकून घेतलीच पुन्हा, तर असाच ताप येईल?"

बहुधा नाही. रक्तात असलेली प्रतिपिंडं सुईतून आलेल्या विषाणूला पहिल्याच दिवशी गाठतील, तो वाढणारच नाही, आणि जिवंत लस असूनही तिला कामच उरणार नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात असेतो गोवराची लस नीट लागत नाही, म्हणून ती काही महिने थांबून देतात, त्याचंही कारण हेच. ती म्हणाली, म्हणजे माझ्या वहीत तेव्हा सगळे दिवस 'काही नाही'चे असतील. मी हो म्हटलं.